कोकोच्या मळ्यांतून स्वातंत्र्याकडे : गोल्ड कोस्टचा घाना कसा झाला

६ मार्च १९५७ रोजी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत ‘घाना’ या नावाने स्वतंत्र झाली, आणि आफ्रिकेतील एकामागून एक वसाहती परकीय सत्तेतून मोकळ्या होण्याचा जो क्रम पुढील दहा-बारा वर्षांत चालला, त्यात अग्रभागी असण्याचा मान या लहानशा देशाला मिळाला. हा इतिहास बहुधा क्वामे एन्क्रुमा या एका नेत्याच्या चरित्राच्या अंगाने सांगितला जातो आणि एन्क्रुमा यांचे कर्तृत्व पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु तेवढ्याने काही प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. केनियात किंवा अल्जीरियात स्वातंत्र्यासाठी रक्ताचे पाट वाहिले असताना येथे सत्तांतर निवडणुकांच्या मार्गाने कसे झाले, ब्रिटिशांनी माघारीची सुरुवात याच वसाहतीपासून का केली, आणि स्वातंत्र्य दाराशी आले असताना शेवटच्या तीन वर्षांतला सर्वांत कडवा संघर्ष ब्रिटिशांशी न होता देशातल्याच दोन पक्षांत का झाला, हे ते प्रश्न होत. त्यांची उत्तरे शोधू लागले की वाट पुनःपुन्हा कोकोच्या मळ्यांकडे, कोकोच्या भावाकडे आणि त्या भावातून उरणारा पैसा कोणाच्या तिजोरीत जातो या वादाकडे वळते.

गोल्ड कोस्ट हे नाव एक असले तरी कारभाराच्या दृष्टीने तो चार तुकड्यांचा प्रदेश होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज सोन्याच्या शोधात या किनाऱ्यावर उतरले, १४८२ मध्ये त्यांनी एल्मिना येथे किल्ला बांधला, आणि पुढे डच, डेन व इंग्रज व्यापाऱ्यांनीही आपापले किल्ले उभारून सोन्याबरोबरच आणि नंतर सोन्याहूनही अधिक प्रमाणात गुलामांचा व्यापार चालवला. ब्रिटिशांनी १८७४ मध्ये किनारपट्टीला रीतसर वसाहतीचा दर्जा दिला. तिच्या उत्तरेस घनदाट अरण्यात असांते लोकांचे बलाढ्य राज्य होते, ज्याचा उल्लेख ब्रिटिश दप्तरात ‘अशांती’ असा येतो. १८७४ मध्ये ब्रिटिश सैन्याने त्याची राजधानी कुमासी जाळली, १८९६ मध्ये राजा पहिला प्रेंपे याला कैद करून पुढे सेशेल्स बेटांवर हद्दपार केले, आणि १९०० मध्ये गव्हर्नरने असांते राष्ट्राचा आत्मा ज्यात वास करतो असे मानले जाते ते सुवर्णासन बसण्यासाठी मागितले, तेव्हा एजिसूची राजमाता याआ असांतेवा हिच्या नेतृत्वाखाली असांते लोकांनी अखेरचे युद्ध केले. त्या युद्धात त्यांचा पराभव झाला, तरी ज्या आसनावर खुद्द असांते राजाही बसत नसे ते ब्रिटिशांच्या हाती कधीच लागले नाही. १९०२ पासून असांते हा जिंकलेला प्रदेश म्हणून ब्रिटिश साम्राज्यात गेला, त्याच्याही उत्तरेकडील गवताळ मुलूख ‘संरक्षित प्रदेश’ म्हणून वेगळा चालवला गेला, आणि पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांकडून घेतलेल्या टोगोलँडचा पश्चिमेकडील पट्टा आंतरराष्ट्रीय देखरेखीखालील विश्वस्त प्रदेश म्हणून या कारभाराला जोडण्यात आला. हे चार भाग कधीही एका छत्राखाली नांदलेले नव्हते, ही गोष्ट पुढे फार महाग पडली.

या वसाहतीचे भवितव्य आफ्रिकेतील इतर ब्रिटिश वसाहतींहून वेगळे होण्याचे पहिले कारण जमिनीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सरकारने ‘पडीक’ आणि अरण्यातील जमिनींवर ब्रिटिश राजसत्तेचा अधिकार प्रस्थापित करणारे कायदे आणण्याचा प्रयत्न केला. या भागात कोणतीही जमीन बेवारस नसून प्रत्येक तुकडा कोणत्या ना कोणत्या कुळाच्या किंवा गादीच्या मालकीचा आहे, असे तेथील लोकांचे म्हणणे होते. केप कोस्ट येथील सुशिक्षित वकील, व्यापारी आणि परंपरागत प्रमुख यांनी १८९७ मध्ये ‘ॲबोरिजिन्स राइट्स प्रोटेक्शन सोसायटी’ म्हणजे मूलनिवासींच्या हक्कांचे रक्षण करणारी संस्था स्थापन केली, जॉन मेन्सा सार्बा यांच्यासारख्या कायदेपंडितांनी युक्तिवाद लढवला, १८९८ मध्ये शिष्टमंडळ लंडनला गेले आणि वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांच्या खात्याने ते विधेयक सोडून दिले. हिवतापामुळे गोऱ्यांनी येथे वस्ती करण्याचे टाळले हे तर खरेच. पण जमीन मूळ मालकांच्याच हाती राहिली ती या अर्ज-विनंत्यांच्या आणि न्यायालयीन भाषेतल्या लढ्यामुळे. पुढच्या पिढ्यांनी अर्ज-विनंत्यांच्या राजकारणाची हेटाळणी केली, तरी केनियात सुपीक डोंगराळ जमीन गोऱ्या मळेवाल्यांकडे जाऊन स्थानिक शेतकरी मजूर बनला आणि गोल्ड कोस्टमध्ये मात्र शेतकरी शेतकरीच राहिला, हा फरक या एका विजयाचे मोल सांगण्यास पुरेसा आहे.

त्याच सुमारास या जमिनीत नवे पीक येत होते. कोको मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मिशनऱ्यांनी तो लावून पाहण्याचे प्रयत्न पूर्वीच केले होते, परंतु त्याच्या लागवडीचे श्रेय लोकस्मृतीने टेटे क्वार्शी या लोहाराला दिले आहे, ज्याने फर्नांडो पो बेटावर काही काळ राहून येताना कोकोचे बी आणले आणि १८७९ मध्ये अक्वापिम डोंगरावरील माम्पाँग येथे ते लावले. १८९१ मध्ये कोकोची पहिली किरकोळ निर्यात झाली आणि अवघ्या वीस वर्षांत, १९११ मध्ये, गोल्ड कोस्ट हा जगातील सर्वांत मोठा कोको निर्यातदार प्रदेश बनला. या झेपेमागे कोणतीही सरकारी योजना किंवा परदेशी भांडवल नव्हते. अक्वापिमचे शेतकरी गट करून शेजारच्या अक्येम प्रमुखांकडून अरण्याचे मोठमोठे तुकडे रोख पैशाने विकत घेत, ते आपसांत पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेत, एका मळ्याच्या उत्पन्नातून दुसरी जमीन घेत आणि असे अरण्यातून पश्चिमेकडे सरकत जात.

या पिकाची रीतही अशी आहे की लहान शेतकऱ्याला ती झेपते. कोकोला सावली लागते, म्हणून अरण्यातील उंच झाडे राखून खालची झुडपे साफ करायची, पहिली काही वर्षे केळी आणि अळूच्या जातीचे कंद लावून घरचे अन्न व रोपांना आडोसा दोन्ही मिळवायचे, आणि चार-पाच वर्षांनी झाड धरू लागले की खोडालाच लगडलेली पिवळी-तांबूस बोंडे कोयत्याने उतरवायची. बोंड फोडले की आत पांढऱ्या चिकट गरात लपेटलेल्या बिया निघतात. त्या केळीच्या पानांवर ढीग करून पानांनीच झाकून सुमारे सहा दिवस आंबवाव्या लागतात; ढिगाला आतून ऊब चढते, गर गळून जातो आणि चॉकलेटची चव जिच्यावर अवलंबून आहे ती प्रक्रिया याच काळात बीच्या आत घडते. मग बांबूच्या चटयांवर पसरून, दिवसातून अनेकदा हात फिरवून, खराब बी वेचून काढत ते उन्हात वाळवायचे. मळा मोठा झाला की उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शावर काम करणारा वाटेकरी ठेवायचा, या पद्धतीला ‘अबुसा’ म्हणतात, किंवा उत्तरेकडून येणारे हंगामी मजूर लावायचे. मालाचे माप ६० पौंडांचा, म्हणजे सुमारे २७ किलोंचा ‘लोड’. हा लोड डोक्यावरून वाहून नेला जाई. स्वातंत्र्यपूर्व काळातील सगळे राजकारण अखेर याच मापाच्या भावावर येऊन ठेपले.

मळा आफ्रिकी शेतकऱ्याचा असला तरी बाजार त्याचा नव्हता. माल विकत घेणाऱ्या आणि कापड, अवजारे, डबाबंद खाद्यपदार्थ विकणाऱ्या युरोपीय पेढ्या बहुतांशी एकच होत्या, आणि शेतकरी व त्या पेढ्या यांच्यामध्ये पीक येण्याआधीच उचल देऊन शेतकऱ्याला बांधून घेणाऱ्या दलालांची साखळी होती. १९२९ मध्ये युनायटेड आफ्रिका कंपनी स्थापन झाल्यावर खरेदीचा फार मोठा वाटा युनिलिव्हर या एकाच उद्योगसमूहाच्या पंखाखाली गेला. १९३७ मध्ये या कंपनीने, कॅडबरीने आणि इतर खरेदीदारांनी आपसांत करार करून प्रत्येकाच्या खरेदीचा हिस्सा ठरवून घेतला, म्हणजेच शेतकऱ्याला वाढीव भाव मिळण्याचे एकमेव साधन असलेली चढाओढ संपवली. जागतिक भाव त्याच वेळी कोसळत होते. शेतकऱ्यांनी माल विकायचाच नाही असे ठरवले. गावोगावच्या प्रमुखांनी दवंडी पिटून विक्रीला मनाई केली, परदेशी कापडावर बहिष्कार पडला, आणि नोव्हेंबर १९३७ पासून एप्रिल १९३८ पर्यंत कोकोचा जवळजवळ सगळा व्यापार ठप्प झाला. लंडनला चौकशी आयोग नेमावा लागला आणि त्याच्या मध्यस्थीने तात्पुरता तह झाला. किनाऱ्यावरचा आणि असांतेमधला शेतकरी, परंपरागत प्रमुख आणि शहरातला दलाल हे सर्व एका मागणीसाठी एकत्र उभे राहण्याची ही पहिलीच वेळ होती. तिच्यात स्वराज्याचा शब्दही नव्हता, तरी स्वराज्याच्या चळवळीचा पाया शोधायचा तर तो येथेच सापडतो.

दुसऱ्या महायुद्धाने सरकारला स्वतःच व्यापारी बनवले. जहाजे मिळेनाशी झाली, जर्मनीची बाजारपेठ बंद पडली, म्हणून ब्रिटिश सरकारने ठरलेल्या भावाने सगळे पीक विकत घेण्याची व्यवस्था केली आणि युद्ध संपल्यावर ती मोडून न टाकता १९४७ मध्ये तिच्यातून ‘कोको मार्केटिंग बोर्ड’ म्हणजे कोको पणन मंडळ उभे केले. कल्पना सुबक होती: जगात भाव चढले की मंडळाने शेतकऱ्याला त्याहून कमी देऊन फरक साठवायचा आणि भाव पडले की त्या साठ्यातून भर घालायची. प्रत्यक्षात युद्धोत्तर वर्षांत भाव चढतच गेले, फरक साठतच गेला, आणि तो साठा लंडनमध्ये ब्रिटिश सरकारी रोख्यांत गुंतवला गेला. अमेरिकेला विकलेल्या कोकोतून डॉलर मिळत आणि युद्धाने कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनला डॉलरची निकड होती. म्हणजे गोल्ड कोस्टच्या शेतकऱ्याची सक्तीची बचत पौंडाला टेकू देण्याच्या कामी येत होती. हे शोषण एखाद्या जुलमी मळेवाल्याच्या चाबकाइतके डोळ्यांना दिसणारे नव्हते, पण आकाराने ते मोठे होते.

त्यातच झाडांना रोग लागला. पिठ्या ढेकणांमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे होणाऱ्या या रोगात फांद्या सुजतात आणि काही वर्षांत झाड मरते. रोगट झाड तोडण्याखेरीज त्यावर इलाज नव्हता आणि शास्त्रीयदृष्ट्या सरकारचे निदान बरोबर होते; तथापि वरून हिरवेगार आणि अद्याप फळ देणारे झाड सरकारी टोळ्या येऊन सक्तीने तोडत असताना शेतकऱ्याला त्यात विज्ञान दिसणे शक्य नव्हते. सरकारला आपले पीक नष्ट करायचे आहे, अशी वार्ता मळ्यामळ्यांतून पसरली. पाव शतक लावून वाढवलेल्या मळ्याची अशी राखरांगोळी होताना पाहणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोणत्या राजकीय शिक्षणाची गरज उरली नसावी.

अशा तापलेल्या वातावरणात ४ ऑगस्ट १९४७ रोजी सॉल्टपाँड येथे जे. बी. डांक्वा आणि जॉर्ज ग्रांट यांच्या पुढाकाराने ‘युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन’ हा पक्ष स्थापन झाला. त्यातील मंडळी वकील, व्यापारी, जमीनदार. त्यांची मागणी ‘शक्य तितक्या लवकर’ स्वराज्याची. पूर्णवेळ काम करायला कोणाला सवड नव्हती, म्हणून त्यांनी सरचिटणीस म्हणून लंडनहून एन्क्रुमा यांना बोलावून घेतले. एन्झेमा भागातील एन्क्रोफुल या खेड्यात १९०९ साली जन्मलेले, अचिमोटा येथे शिक्षक म्हणून तयार झालेले, १९३५ ते १९४५ अशी दहा वर्षे अमेरिकेत शिकत-शिकवत आणि मिळेल ते काम करत राहिलेले आणि १९४५ च्या मँचेस्टर येथील अखिल आफ्रिकी परिषदेच्या आयोजनात सहभागी असलेले एन्क्रुमा डिसेंबर १९४७ मध्ये मायदेशी परतले.

ठिणगी मात्र त्यांच्या हातून पडली नाही. जानेवारी १९४८ मध्ये अक्राचे एक गा प्रमुख नी क्वाबेना बोने यांनी महागाईविरुद्ध युरोपीय पेढ्यांच्या मालावर बहिष्कार पुकारला. महिनाभर तो एकजुटीने पाळला गेला, पेढ्यांनी नफ्याचे प्रमाण ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणण्याचे मान्य केले आणि २८ फेब्रुवारी रोजी बहिष्कार उठला. त्याच दिवशी माजी सैनिकांचा मोर्चा गव्हर्नरला अर्ज देण्यासाठी निघाला होता. युद्धात गोल्ड कोस्टमधून सुमारे ६५ हजार माणसे भरती झाली होती, त्यांतील अनेकजण ब्रह्मदेशच्या आघाडीवर, कलादान नदीच्या खोऱ्यात, भारतीय सैन्याच्या बरोबरीने जपान्यांशी लढले होते आणि भारत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आलेला पाहून परतले होते. घरी आल्यावर त्यांना ना पुरेसे निवृत्तिवेतन मिळाले, ना नोकऱ्या. मोर्चा ठरलेला मार्ग सोडून ओसू येथील क्रिश्चियनबोर्ग किल्ल्याकडे, म्हणजे गव्हर्नरच्या निवासस्थानाकडे वळला तेव्हा पोलीस अधीक्षक कॉलिन इम्रे याने स्वतः बंदूक घेऊन गोळ्या झाडल्या, आणि सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो व शिपाई ओडार्टी लाम्प्टे हे तिघे जागीच पडले. बाजारात आलेल्या लोकांना एकीकडे भाव अपेक्षेप्रमाणे उतरलेले दिसले नाहीत आणि दुसरीकडे गोळीबाराची बातमी कळली. दुकाने फुटली, युनायटेड आफ्रिका कंपनीच्या इमारती जळाल्या, दंगल इतर शहरांत पसरली आणि ती शमेपर्यंत २९ माणसे मेली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली.

सरकारने डांक्वा आणि एन्क्रुमा यांच्यासह पक्षाच्या सहा पुढाऱ्यांना स्थानबद्ध केले. घानाच्या इतिहासात ते ‘बिग सिक्स’ म्हणून ओळखले जातात. दंगल त्यांनी घडवलेली नव्हती, परंतु स्थानबद्धतेने त्यांना तिचे नायक बनवले. चौकशीसाठी आलेल्या वॉटसन आयोगाने दोनच वर्षांपूर्वी दिलेली राज्यघटना कालबाह्य ठरवली, कारण तिच्यात आफ्रिकी सदस्यांचे बहुमत असले तरी त्यांतील बहुतेकांना प्रमुखांच्या परिषदा निवडत होत्या आणि सामान्य माणसाला मत नव्हते. नवी घटना सुचवण्यासाठी न्यायमूर्ती कूसी यांच्या अध्यक्षतेखाली सर्वस्वी आफ्रिकी सदस्यांची ४० जणांची समिती नेमण्यात आली. डांक्वा तिच्यात होते, एन्क्रुमा नव्हते, आणि दोघांची वाट येथे फुटली.

१२ जून १९४९ रोजी अक्रा येथे हजारोंच्या सभेत एन्क्रुमा यांनी ‘कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी’ स्थापन केली आणि ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांच्या जागी ‘आत्ताच’ हा एक शब्द आणला. या पक्षाचा कणा होता तो अर्धवट शिकलेल्या तरुणांचा, कारकुनांचा, मोटारचालकांचा, रेल्वे कामगारांचा आणि बाजारात बसून व्यापार करणाऱ्या बायकांचा, ज्यांच्या पैशावर पक्षाच्या गाड्या गावोगाव फिरल्या. स्वतःचे घर नसल्याने श्रीमंतांच्या ओसरीवर रात्र काढणारी पोरे अशी त्यांची हेटाळणी होई आणि पक्षाने तीच हेटाळणी अभिमानाने मिरवली. ८ जानेवारी १९५० रोजी एन्क्रुमा यांनी गांधीजींच्या मार्गावरून घेतलेला संप, बहिष्कार आणि असहकार यांचा कार्यक्रम सुरू केला. सरकारने आणीबाणी पुकारून पुढाऱ्यांना पकडले. एन्क्रुमा यांना प्रत्येकी एक वर्षाच्या तीन शिक्षा झाल्या आणि अक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगातून ते चोरून मिळालेल्या कागदाच्या कपट्यांवर सूचना लिहून बाहेर पाठवत राहिले. बाहेर कोम्ला बेडेमा यांनी संघटना बांधली. सुटून आलेले कार्यकर्ते ‘पी. जी.’ म्हणजे ‘प्रिझन ग्रॅज्युएट’, तुरुंगाचे पदवीधर, अशी अक्षरे असलेल्या टोप्या घालून मिरवत. ज्या समाजात खरा पदवीधर नेतृत्वाचा हक्क जन्मसिद्ध समजत असे, तेथे या टोपीने सामान्य माणसाला काय दिले असेल याची कल्पना करता येते.

फेब्रुवारी १९५१ मध्ये कूसी समितीच्या घटनेनुसार निवडणूक झाली. लोकनियुक्त ३८ जागांपैकी ३४ जागा एन्क्रुमा यांच्या पक्षाने जिंकल्या आणि तुरुंगातूनच उभे राहिलेल्या एन्क्रुमा यांना मध्य अक्रा मतदारसंघात २३,१२२ पैकी २२,७८० मते पडली. गव्हर्नर चार्ल्स आर्डेन-क्लार्क यांच्यासमोर दोनच पर्याय होते: निकाल पायदळी तुडवून दंगलींना तोंड द्यायचे, किंवा कैद्याला बोलावून सरकार बनवायला सांगायचे. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. त्यामागे उदारपणा होता तसा हिशेबही होता, कारण येथे रक्षण करावे अशी गोऱ्या मळेवाल्यांची वस्ती नव्हती, आणि कोकोचा ओघ शांततेनेच चालू राहणार होता. १८९७ च्या जमीन-लढ्याचे फळ असे अर्ध्या शतकानंतर पदरात पडले. १९५२ मध्ये एन्क्रुमा पंतप्रधान झाले, १० जुलै १९५३ रोजी त्यांनी विधिमंडळात स्वातंत्र्याची मागणी करणारा ठराव मांडला, आणि जून १९५४ मध्ये सर्व १०४ जागा थेट निवडणुकीने भरल्या जाऊन त्यांच्या पक्षाला पुन्हा स्पष्ट बहुमत मिळाले.

येथून पुढची तीन वर्षे अनेक लेखक ओझरती सांगतात; वास्तविक तीच सर्वांत बोधक आहेत. ऑगस्ट १९५४ मध्ये अर्थमंत्री बेडेमा यांनी कोकोचा खरेदी भाव चार वर्षांसाठी लोडमागे ७२ शिलिंग असा गोठवणारे विधेयक आणले. या भावाने शेतकऱ्याला टनामागे सुमारे १३४ पौंड मिळत होते आणि त्या वेळी जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला ४०० पौंडांच्या वर गेला होता. सरकारचे म्हणणे पोकळ नव्हते: शाळा, रस्ते, बंदरे, दवाखाने यांसाठी पैसा हवा, तो दुसरीकडून येणार नाही, आणि सगळा पैसा शेतकऱ्याच्या हाती गेला तर महागाई भडकेल. पण वसाहतीच्या सरकारने जे केले म्हणून लोक उठले, तेच आता लोकांचे सरकार करत होते. त्यात पणन मंडळाची खरेदी कंपनी शेतकऱ्यांना कर्जे देताना पक्ष पाहते हा आरोप होता आणि १९५६ मध्ये जिबोवू आयोगाने तो खरा ठरवला. कोकोचा सर्वांत मोठा भाग तेव्हा असांतेमधून येत होता. आपल्या झाडांच्या पैशावर किनाऱ्यावरच्या अक्रा शहराचे सरकार चालणार, ही भावना तेथे भावाच्या घोषणेसरशी उफाळून आली.

सप्टेंबर १९५४ मध्ये कुमासी येथे असांते राजाचे ज्येष्ठ वक्ते बाफूर ओसेई अकोटो यांच्या नेतृत्वाखाली ‘नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट’ स्थापन झाली. तिने भावाच्या मागणीला संघराज्याच्या मागणीची जोड दिली, म्हणजे प्रत्येक प्रदेशाला स्वतःचे विधिमंडळ आणि आपल्या उत्पन्नावर अधिकार असावा असे तिचे म्हणणे होते. प्रमुख, शेतकरी, एन्क्रुमा यांच्या पक्षातून फुटलेले तरुण आणि समाजशास्त्रज्ञ के. ए. बुसिया यांच्यासारखे विचारवंत तिच्यात एकत्र आले. एन्क्रुमा यांच्या बाजूने ही प्रमुखांची सरंजामी आणि फुटीर चळवळ ठरवली गेली, तर चळवळीच्या बाजूने एन्क्रुमा यांना होऊ घातलेला हुकूमशहा म्हटले गेले. दोन्ही आरोपांत तथ्य होते. पण निव्वळ टोळीनिष्ठा म्हणून असांतेचे बंड निकालात काढणे हा अन्याय आहे, कारण ज्याने पिकवले त्याला भाव ठरवण्यात आवाज असावा हीच मागणी १९३७ मध्ये राष्ट्रीय मानली गेली होती. कुमासीच्या रस्त्यांवर मारामाऱ्या, जाळपोळ, खून झाले आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये एन्क्रुमा यांच्या अक्रा येथील घरावर बाँबहल्ला झाला. उत्तरेतही दक्षिणेच्या वर्चस्वाची भीती होती व तेथे वेगळा पक्ष उभा राहिला होता. टोगोलँडच्या पट्ट्यात ९ मे १९५६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली सार्वमत झाले. ५८ टक्के मते गोल्ड कोस्टमध्ये विलीन होण्याच्या बाजूने पडली, मात्र दक्षिणेकडील एवे लोकांचा कौल बहुतांशी विरुद्ध गेला.

हा कलह पाहून वसाहतमंत्री ॲलन लेनॉक्स-बॉइड यांनी स्वातंत्र्याची तारीख ठरवण्यापूर्वी आणखी एक निवडणूक घेण्याची अट घातली. जुलै १९५६ मध्ये ती झाली. एन्क्रुमा यांच्या पक्षाने १०४ पैकी ७१ जागा जिंकल्या, तथापि एकूण मतांत त्यांचा वाटा सुमारे ५७ टक्के होता आणि असांतेमधील २१ पैकी केवळ ८ जागा त्यांना मिळाल्या. संघराज्य नाकारले गेले आणि तडजोड म्हणून प्रादेशिक विधानसभांची तरतूद घटनेत आली. विरोधकांनीही अखेर ही तडजोड स्वीकारून स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा केला, हे त्या काळातील पुढाऱ्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

तारीख ठरली ती ६ मार्च, कारण १८४४ साली याच दिवशी काही फांटे प्रमुखांनी ब्रिटिशांचा न्यायाधिकार मान्य करणाऱ्या करारावर सह्या केल्या होत्या. वसाहतीचे व्यापारी नाव जाऊन वायव्येस मध्ययुगात होऊन गेलेल्या एका आफ्रिकी साम्राज्याचे नाव देशाला मिळाले. थिओडोशिया ओको यांनी रेखलेला तांबडा, पिवळा, हिरवा ध्वज आणि त्यावरचा काळा तारा मध्यरात्री अक्राच्या जुन्या पोलो मैदानावर चढला, आणि एन्क्रुमा यांनी तुरुंगातल्या दिवसांची टोपी घालून जमावासमोर आफ्रिकेच्या संपूर्ण मुक्तीशी घानाचे स्वातंत्र्य बांधलेले असल्याचे सांगितले. पाहुण्यांत अमेरिकेचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन होते आणि माँटगोमेरीतील बस-बहिष्कार नुकताच जिंकून आलेले मार्टिन ल्यूथर किंगही होते.

नव्या राष्ट्राच्या गंगाजळीत सुमारे २० कोटी पौंड होते, जी मुख्यतः कोकोची बचत होती, आणि त्यांच्या जोरावर शाळा, तेमा बंदर व व्होल्टा नदीवरील अकोसोंबो धरण उभे राहिले. प्रादेशिक विधानसभा दोन वर्षांत गुंडाळल्या गेल्या. १९५८ च्या कायद्याने खटल्याविना पाच वर्षांपर्यंत स्थानबद्ध ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि ज्यांनी एन्क्रुमा यांना लंडनहून बोलावले त्या डांक्वा यांचा १९६५ मध्ये त्याच सरकारच्या तुरुंगात अंत झाला. त्याच वर्षी विक्रमी पिकामुळे कोकोचा जागतिक भाव टनाला १०० पौंडांच्याही खाली घसरला. पडत्या काळासाठी म्हणून राखलेला साठा तोवर खर्ची पडला होता. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी एन्क्रुमा परदेश दौऱ्यावर असताना लष्कराने सत्ता घेतली.

त्यानंतर घानात अनेक सरकारे आली, लष्करी राजवटी झाल्या आणि १९९२ नंतर निवडून आलेली सरकारे शांततेने बदलू लागली. वसाहतीच्या काळातले कोको पणन मंडळ या सर्व स्थित्यंतरांतून ‘कोकोबॉड’ या नावाने टिकून आहे. शेतकऱ्याचा भाव हंगामागणिक सरकारतर्फे जाहीर होतो आणि २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला १० हजार डॉलर ओलांडून गेला, तेव्हा घानातील शेतकऱ्याला मिळणारा भाव त्याच्या कितीतरी खाली होता आणि गोण्याच्या गोण्या रात्रीच्या वेळी सीमेपलीकडे टोगो आणि आयव्हरी कोस्टमध्ये चोरून नेल्या जात होत्या.